ज्याला वख्त कमी पडला

"हारलो म्हनायचं न्हाय. वख्त कमी पडला म्हनायचं."

हे सांगताना आमचे ड्रिलमास्तर गळ्यातली शिट्टी मुठीत धरायचे. कुणी चुकून 'हारलो' म्हणालंच, तर ती फुंकून त्याला जागच्या जागी थांबवायची तयारी असे. निजामाच्या राजवटीतली ती शेवटची वर्षं. आमचं गाव कागदावर उस्मानाबाद आणि बोलण्यात धाराशिव. तिथल्या हायस्कुलात मी गणित शिकवायचो आणि ते मुलांना पळवायचे. माझ्या तासाला दांडी मारलेली मुलं सापडायची ती त्यांच्याच मैदानावर, त्यामुळं आमची दोस्ती जरा उशिरानंच झाली.

एकदा पोलीस लाइनच्या संघानं आमच्या मुलांना हॉकीत अक्षरशः धुऊन काढलं. हेडमास्तरांनी विचारलं, "काय झालं सामन्याचं?"

"वख्त कमी पडला, साहेब."

"किती कमी पडला?"

ड्रिलमास्तरांनी खरोखरच विचार केला. "आनखी आठ-धा दिवस खेळलो असतो, तर बरोबरी व्हती."

आम्ही सगळे खो खो हसलो. ते मात्र हिशेब बरोबर आल्यासारखे गंभीर चेहऱ्यानं निघून गेले.

माझे वडील वारले तेव्हा भेटायला येणारा जो तो मला आत्म्याबद्दल काहीतरी ऐकवत होता. हे आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "वख्त कमी पडला, मास्तर." तोवर मी कोरडा होतो. त्या वाक्यानं मला रडू फुटलं. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल. त्याच्याजवळ एकच वाक्य असतं आणि ते सगळीकडे चालतं.

ते मूळचे अणदूरचे. लिंगायत घर, वडिलांचं भुसार मालाचं दुकान, आईशी बोलणं कानडीत. शिकायला हैदराबादेला विद्यापीठात गेले आणि तिथल्या हॉकीच्या संघात लेफ्ट हाफ झाले. बी. ए. मात्र झाले नाहीत. "इम्तिहान आन् सामना एकाच दिशी आला," एवढंच सांगायचे. ते कुठं गेले असतील, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

त्या संघाचे रिवाज ते भक्तिभावानं सांगत. नव्या खेळाडूनं पहिले काही महिने जुन्याच्या स्टिकला तेल लावायचं. गोल मारणाऱ्यानं उड्या मारायच्या नाहीत, ज्यानं चेंडू दिला त्याच्याकडं बघायचं. पण त्यांचा सगळ्यात लाडका रिवाज जेवणाचा होता. सामना संपला की दोन्ही संघ एकाच दस्तरखानावर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या लांब चादरीभोवती, जेवायला बसत. गोलकीपरशेजारी गोलकीपर, लेफ्ट हाफशेजारी लेफ्ट हाफ. आणि ज्यांना वख्त कमी पडला, त्यांना आधी वाढायचं. त्यांनी घास घेईपर्यंत जिंकलेल्यांनी ताटाला हात लावायचा नाही.

"असं का पण?" मी विचारलं होतं.

"जिंकनाऱ्याचं प्वाट भरलेलंच असतंय की, मास्तर."

"आणि तुम्ही लिंगायत माणूस तिथं खात काय होता?"

"रोटी आन् दही. खानसामा माझं ताट झाकून येगळं ठिवायचा. पन बसायचो मधीच. माझ्या जोडीदाराच्या शेजारी."

हा संघ दर हिवाळ्यात एखाद्या जिल्ह्याच्या गावी खेळायला जाई. आमच्याकडं कधी आला नव्हता. तो एकदा धाराशिवला यावा, आपल्या मुलांनी त्याच्याशी खेळावं आणि मग सगळ्यांनी एका पंगतीत जेवावं, एवढंच ड्रिलमास्तरांना आयुष्याकडून हवं होतं. लग्न केलं नव्हतं, जमीन भावाकडं सोडून दिली होती. एका दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादेहून परतले ते थेट माझ्या दारात.

"येनार म्हनले! फुडल्या सालच्या थंडीत येनार!"

त्यानंतर त्यांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं. आमचं मैदान मुरमाचं आणि एका अंगाला उतरतं. मी पाट्या टाकून मुरूम पसरला, संस्कृतच्या शास्त्रीबुवांनीही धोतर खोचून दगड वेचले. सुतारानं बाभळीच्या काठ्या वाकवून स्टिका केल्या. त्या वजनाला मुसळासारख्या होत्या. संघात दोन मुलं मात्र खरोखर चांगली होती. तामलवाडीचा शंकर आणि टांगेवाल्याचा रहीम. रहीम डावीकडून न बघता चेंडू टाकायचा आणि शंकर तिथं असायचा. गोल झाला की शंकर वळून रहीमकडं बघायचा. त्या वेळी ड्रिलमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा असे.

"हैदराबादवाल्यांना हरवणार म्हणता?" मी डिवचलं.

"छ्या! लई भारी संघ हाय त्यो. आपल्याला वख्त कमी पडनार." आणि मग हळूच म्हणाले, "पन आपल्याला आधी वाढतेत का न्हाय बघा. पोरांला येकदा कळू द्या, त्याचा बी मान असतो."

तो हिवाळा आला तेव्हा बाकीचा देश स्वतंत्र झाला होता आणि आमच्याकडं निजामाच्या बाजूचे रझाकार फिरत होते. मुलांनी शाळा सोडल्या. शंकर निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडं क्रांतिकारकांच्या कॅम्पात गेला. रहीमचा थोरला भाऊ रझाकारांत शिरला. ठरलेल्या दिवशी ड्रिलमास्तरांनी मैदानावर फक्कीच्या रेघा मारल्या आणि स्वच्छ कपडे घालून उभे राहिले. खेळायला आला फक्त रहीम. हैदराबादेहून कुणी आलं नाही. येणार तरी कसं?

"सडक बंद असंल," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी रहीमला चेंडू टाकायला लावले. पलीकडं घ्यायला कुणी नव्हतं, चेंडू उतारावरून खाली जात होता.

पुढच्या उन्हाळ्यात हद्दीवरच्या एका चकमकीत शंकर गेला. ड्रिलमास्तर त्याच्या आईला भेटून आले. तेव्हाही तेच म्हणाले, "वख्त कमी पडला." पण शिट्टी मुठीत धरली नाही.

मग पोलीस ॲक्शन झाली. भारताच्या फौजा आल्या, रझाकार पळाले, आणि ज्यांनी वर्षभर सोसलं होतं ते लोक सूड घ्यायला बाहेर पडले. सूड सापडेल त्याच्यावर निघतो. रहीमचा भाऊ केव्हाच पळून गेला होता, सापडला रहीम. ड्रिलमास्तरांनी त्याला शाळेतल्या खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावलं आणि दारात उभे राहिले. मी त्या आठवड्यात माझ्या मूळ गावी होतो. जे कळलं ते नंतर, त्यांच्याच तोंडून.

जमाव आला. त्यात त्यांच्याच संघातली तिघं होती. ड्रिलमास्तरांनी शिट्टी फुंकली. ती तिघं थबकली, अगदी सवयीनं. बाकीचे थांबले नाहीत. मग ती तिघंही पुढं सरकली. दार मोडलं. आतल्या स्टिका हाताशीच होत्या. रहीम वाचला नाही.

"धरायची तऱ्हा माझीच व्हती, मास्तर," ते मला म्हणाले. "डावा हात वर, उजवा खाली. म्याच शिकविलेली."

त्यांचंच वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. माझ्या वडिलांच्या वेळी त्यानं मला आधार दिला होता. पण ते बोलायची मला लाज वाटली.

त्यांनी नोकरी सोडली आणि ते अणदूरला गेले. काही महिन्यांनी मी भेटायला गेलो. पुढं ते फार दिवस जगले नाहीत, त्यामुळं तीच शेवटची भेट ठरली. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. गळ्यात शिट्टी नव्हती. मी शाळेचं सांगितलं, नव्या राज्याचं सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी मी म्हणालो, "हैदराबादचा संघ आता येऊ शकेल की." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. मी हे उगीच बोललो, हे मला तेव्हाच कळलं.

त्यांच्या म्हाताऱ्या आईनं, अव्वांनी, जेवायला बसवलं. त्या घरात पाहुण्याआधी कुणी ताटावर बसत नसे. अव्वांनी पहिलं ताट माझ्यापुढं ठेवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. ड्रिलमास्तरांनी हात लांब केला आणि ते ताट माझ्यापुढून आपल्याकडं ओढून घेतलं.

अव्वा कानडीत त्यांच्यावर कडाडल्या. मला शब्द कळले नाहीत, राग कळला. त्यांनी उत्तर मात्र मराठीत दिलं, मला समजावं म्हणून असेल.

"आधी हारलेल्याला वाढतेत, अव्वा."

स्वतःबद्दल तो शब्द त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. अव्वांनी दुसरं ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं. मी काही जिंकलो नव्हतो. तरी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालेपर्यंत मी ताटाला हात लावला नाही.