नागपूर ते व्हॅन्कूव्हर, टेपने मोजून

लेक व्हॅन्कूव्हरला गेली, त्याच आठवड्यात मी बर्डीच्या बाजारातून जगाचा नकाशा आणला आणि शिलाई मशीनशेजारच्या भिंतीवर चिकटवला. ब्लाउज शिवणारी बाई मी, मोजल्याशिवाय जिवाला चैन नाही. गळ्यातला टेप काढला, एक टोक नागपूरच्या विमानतळावर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं युरोप, मोठा समुद्र, अख्खा कॅनडा ओलांडत तिच्या विमानतळापर्यंत ओढलं. नकाशाखालच्या पट्टीवरून हिशेब केला: बावीस हजार किलोमीटर. विमान तासाला नऊशे जातं, असं जावई म्हणाले होते. म्हणजे पंचवीस तास नुसते उडायचे. त्यात थांबे, शिवाय कापडाला सोडतो तशी थोडी माया. झाले दोन दिवस.

हे काटोलच्या बसवर कंडक्टर होते. दारातून बघत म्हणाले, "काहून वं, पृथ्वीले ब्लाउज शिवून राहिली का?"

तुम्हाला काटोलच्या पुढचं काय कळतं, असं मी त्यांना सुनावलं. पंचावन्नची होते तेव्हा. त्या वयात बाईला वाटतं, आता आपल्याला शिकवणारं कोणी उरलं नाही. पुढे लेक एकदा आली ती दोन विमानं बदलत, बरोबर दोन दिवसांनी. मग काय विचारता, माझं माप मी गल्लीभर सांगत फिरले.

मे महिन्यातल्या एका दुपारी जेवता जेवता हे गेले. लेकीला फोन केला. तासाभराने तिचा उलटा फोन आला. सकाळचं विमान मिळालंय, सरळ दिल्लीचं, उद्या संध्याकाळी सहापर्यंत घरी पोचते, म्हणाली.

"तोवर सगळे थांबा गं, आई. बाबांना एकदा पाहू दे."

दिरांनी विचारलं, थांबायचं का? बर्फाची पेटी मिळेल, उन्हाची काळजी नको, असंही म्हणाले. मी भिंतीकडे पाहिलं.

"ती घाबरून बोलून राहिली, भाऊजी. दोन दिवसांचा रस्ता आहे, मी मोजला. सकाळीच न्या."

शहाणी बाई! आयुष्यभर बायांच्या गोल खांद्यांवरून, पाठीवरून टेप फिरवला, आणि पृथ्वीचं माप मात्र सपाट कागदावर घेतलं. सुट्टीत आलेल्या नातीने पुढे पृथ्वीगोल दाखवला. त्याच्यावर वरून, उत्तर ध्रुवाच्या बर्फाच्या अंगाने टेप टाकला तर जेमतेम निम्मा लागतो. पोरगी हसली. मीही हसले, दुसरं काय करणार.

सकाळी दहाला यांना नेलं. तेव्हा लेक आकाशात होती, तिला कळवणार कसं? संध्याकाळी सहाला पाच कमी असताना तिची टॅक्सी दाराशी थांबली. यांना शेवटची आंघोळ घातलेली, अंगणात धुऊन पालथी ठेवलेली भांडी तिने पाहिली आणि कोणी सांगायच्या आधीच तिला कळलं. मी शिव्यांची वाट बघत होते. तिने का थांबला नाहीत, एवढंही विचारलं नाही. यांच्या रिकाम्या खाटेवर बसली. मग म्हणाली,

"दाढी केली होती ना गं बाबांची?"

हे रविवारीसुद्धा दाढी चुकवत नसत. त्या सकाळच्या घाईत ती राहून गेली होती.

"केली होती," मी म्हटलं. "छान दिसत होते."