मिरचीच्या ढिगावर माझा हात

"उद्या कल्याणला मीच जातो," असं मी ताराबाईंना सांगितलं तेव्हा त्या तव्यावर बोंबील उलटत होत्या. नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी मूळचा मोम्बासाचा; शिकायला आलो, शिक्षण संपलं, राहिलो. ठाण्याच्या कोळीवाड्यात ह्या मावशींनी खोली दिली आणि भाषाही. मसाल्याचा धंदा नुकताच सुरू केलेला. मिरची दलाल आणायचा, कारण बाजारात 'हबशाला' कुणी हात देत नाही, असं तोच सांगायचा. मिरचीबरोबर माती आणि देठंही यायची. असंच चाललं असतं तर दिवाळीपर्यंत धंदा बुडाला असता.

"कोनाला भितंस रं? जा!" म्हणत मावशींनी नवऱ्याचा चौकड्यांचा रुमाल हातात दिला.

खोपटहून सकाळची एसटी पकडा आणि खिडकी सोडू नका. कशेळीला खाडी छान दिसते. माझ्या शेजारची जागा नेहमी शेवटी भरते, त्यामुळे पाय ऐसपैस. पुढच्या बाकावर दोघी कुजबुजत होत्या.

"वेस्ट इंडीजचा बॉलर असेल गं."

"मग एसटीने कशाला जाईल?"

मराठी कळतं हे मी लगेच दाखवत नाही. कळत नाही असं वाटलं की लोक खरं बोलतात.

दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण. आधी पोटभर मिसळ खा. बाजारात नुसत्या शिंका येतात. छपराखाली लालभडक ढीग. इथे भाव तोंडाने ठरत नाही. रुमालाखाली शेठ आणि गिऱ्हाईक एकमेकांची बोटं धरतात; जितकी बोटं तितका भाव, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि एकाने हात पुढे केला की सौदा जमेपर्यंत किंवा मोडेपर्यंत त्या ढिगावर दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. दलालाच्या गप्पांतून हे मी कान देऊन ऐकून ठेवलेलं.

संकेश्वरी मिरचीच्या ढिगाशी मांडी घातली, रुमाल टाकून हात पुढे केला. हशा पिकला.

"अरे, हा तर कोळी कमरेला बांधतात तो रुमाल!"

"धुतलेला आहे," मी म्हणालो. हशा थांबला.

शेठ हमालाला म्हणाला, "त्याला भाव तोंडी सांग." तोंडी भाव म्हणजे परक्याचा भाव, चढा.

"तोंडी नको, शेठ. हात द्या."

"असल्यांना आम्ही हात देत नाही."

"मग मी बसतो."

बसलो. मागे मुरबाडचे, भिवंडीचे दुकानदार जमले. खांद्याला रग लागली, पण हात खाली घेतला नाही. शेवटी मुरबाडचा एक म्हातारा वैतागला. "शेठ, द्या की हात! आमची गाडी चुकायची!"

"तुम्ही पुढे या ना, काका."

"कसा येऊ? हात त्याचा आधी आहे."

शेठने रुमालाखाली हात घातला, चिमटीने बोटं धरली. मी नकाराची मान हलवली, एक बोट सोडवलं. तो कुरकुरला. सौदा जमला. हात काढून शेठने तो धोतराला घासून पुसला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मीही माझा पुसला, त्याच्यासमोर, सावकाश, एकेक बोट.

पोती टेम्पोत टाकून संध्याकाळी घरी.

"दिला का रं हात?"

"दिला. मग पुसला."

"मंग तू?"

"मीपण." मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आता ठाकुर्लीला माझी स्वतःची गिरणी आहे. त्या शेठशी पुढे कित्येक वर्षं सौदे केले. मैत्री झाली नाही, मला ती नकोही होती. दर वेळी तो हात पुसायचा, मग मी. एकदा तो पुसायला विसरला. मी विसरलो नाही.