पानी खोल शे

प्लेगच्या साली गुजरातेतल्या भेस्तानची अर्धी वस्ती बोचकी बांधून खानदेशात पळाली. सरलाबाईही पोरीला घेऊन अमळनेरपर्यंत जाऊन आली. परत येऊन पाहते तो, पलसाण्याच्या डाइंग हाऊसमध्ये नवऱ्याच्या जागी दुसराच माणूस कापड भिजवत उभा. सुकदेव पळून गेला नव्हता, फक्त बायकोपोरीला गाडीत बसवायला गेला होता. पण मालकाला कुठं तेवढा फरक कळायला. तेव्हा घर चालवायचं सरलाबाईच्या अंगावर आलं.

ती पूर्वी अडाजणला सुधाताईंकडे धुणंभांडी करायची. सुधाताईंचे यजमान वसंतराव बँकेत मॅनेजर, मूळचे नाशिककडचे, सभ्य माणूस. सभ्य म्हणजे घरात ‘सरलाबाई, चहा घेतलात का’ विचारणारे, आणि बाहेर चारचौघांत ती भेटली की तिला ओळख न देणारे. त्यांच्याच शब्दावर तिला घोडदोड रोडला हसमुखशेठच्या बंगल्यावर काम मिळालं. शेठचा नातू मौलिक तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्याला दिवसभर सांभाळायचं, एवढंच काम.

हसमुखशेठ नावाला जागणारा माणूस, सदा हसरा. साड्यांचा मोठा धंदा, खाती वसंतरावांच्या बँकेत. शेजारच्या हिरेवाल्यानं मागच्या अंगणात स्विमिंग पूल बांधला, म्हणून यांनीही बाग उकरली आणि बांधला. घरात पोहता कुणालाच येत नव्हतं. पण निळ्या फरशीवर पाणी चमकायला लागलं आणि पाहुण्यांना ते दाखवल्याशिवाय घरात कुणाला चैन पडेना. सरलाबाई त्याला हौद म्हणायची. मौलिकच्या आईनं तिला दोनदा ‘स्विमिंग पूल’ म्हणायला शिकवलं, पण तिच्या तोंडी हौद तो हौदच राहिला.

त्या हौदाची तिला मनापासून भीती वाटायची. तिच्या माहेरच्या गावात वस्तीला लागून विहीर होती, तिला कठडा नव्हता. गावातल्या बायका विहिरीवर धुणं धूत, पोरं आजूबाजूला खेळत. एखादं पोर काठाकडे सरकलं की जी बाई आधी पाही ती एकच शब्द ओरडे: ‘खोल!’ पुढं ना ‘इकडे ये’, ना ‘पडशील’. पोर कुणाचंही असो, तो शब्द कानावर आला की जागच्या जागी थांबे. सरलाबाईही पोरवयात त्या शब्दाला अशीच थांबत आलेली.

इथं पोर गुजराती, म्हणून तिनं त्यांचा शब्द शिकून घेतला होता. ‘उंडुं छे, बेटा, उंडुं,’ असं ती मौलिकला हौदाजवळून जाताना रोज सांगायची आणि त्याची मूठ आपल्या मुठीत घट्ट धरायची. हौदाभोवती शेठनं नक्षीचं लोखंडी कुंपण केलं होतं, फाटकाला वर कडी होती. ती कडी लागली आहे का, हे सरलाबाई येता जाता पाही. खेळून झालं की चेंडू, डबडी, बदकं पाण्यातून काढून घरात नेऊन ठेवी. पाण्यावर चेंडू दिसला की पोर त्याच्यामागं जाणार, एवढं कळायला शाळा लागत नाही. घरातले तिला हसायचे. शेठची मुलगी जागृतीबेन नवसारीहून माहेरी आली की म्हणायची, बाई तर हौदाचं पोलीस ठाणं करून बसलीय.

त्या उन्हाळ्यात शेठनं संध्याकाळी लोकांना जेवायला बोलावलं. धंद्यातले, नात्यातले, बँकेतले, सगळे आले. वसंतरावही आले, पांढऱ्या सफारीत. पाहुण्यांची पोरं दुपारपासून पाण्यात खेळून, दमून, आत जाऊन बसली होती आणि त्यांचा लाल चेंडू हौदातच तरंगत राहिला होता. सरलाबाई तो काढायला निघाली, तोच मौलिकच्या आईनं तिला गच्चीवर वाळत घातलेले टॉवेल आणायला पाठवलं.

‘मौलिकला कोण पाहील?’ सरलाबाईनं विचारलं.

‘अमे छीए ने,’ ती म्हणाली. आम्ही आहोत ना.

आणि खरंच तिथं पंचवीसतीस माणसं होती. त्यातल्या एकाचंही लक्ष नव्हतं.

सरलाबाई गच्चीवर टॉवेल गोळा करता करता कठड्याशी आली आणि तिनं खाली पाहिलं. फाटकापाशी जागृतीबेन हातात सरबताचा ग्लास घेऊन मागं वळून कुणाशी तरी बोलत होती. मौलिक तिचा पदर ओढून चेंडूकडे बोट दाखवत होता. बोलता बोलता जागृतीबेनचा हात कडीवर गेला होता.

माणूस घाबरलं की शिकलेली भाषा पळून जाते. सरलाबाईच्या तोंडून ‘उंडुं’ आलं नाही. सगळा जीव घशात गोळा करून ती माहेरच्या विहिरीवरची हाक ओरडली.

‘खोल! खोल! पानी खोल शे!’

जागृतीबेननं वर पाहिलं. वर बाई हातवारे करत होती आणि ‘खोल, खोल’ म्हणत होती. खोल म्हणजे उघड. गुजरातीत तेच, हिंदीत तेच. बाई येतच असेल मागोमाग, असं समजून तिनं कडी काढली, फाटक ढकललं आणि पुन्हा पाहुणीकडे वळली. जिचं नाव जागृती, तिची ही जागृती.

सरलाबाई जिने कशी उतरली ते तिला कधी आठवलं नाही. ती पोचली तेव्हा पाण्यावर चेंडू होता आणि मौलिक नव्हता. तिला पोहता येत नव्हतं. हौदातली पानं काढायची लांब दांड्याची जाळी भिंतीला टेकून होती. ती घेऊन ती कडेच्या शिडीनं छातीभर पाण्यात उतरली, एका हातानं शिडीचा पाइप धरला आणि दुसऱ्या हातानं जाळी खाली घालून पोराला ओढत आणलं. शर्टाला धरून वर काढलं, पालथं करून पाठीवर थापट्या मारल्या. मौलिक पाणी ओकला आणि मग रडायला लागला. ते रडणं ऐकून ती तिथंच फरशीवर बसली.

सगळे धावले. टॉवेल आले, ब्लँकेट आलं, डॉक्टरला फोन गेला. सरलाबाई ओल्या लुगड्यात परक्या पुरुषांसमोर पदर सावरत होती. तिला टॉवेल द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

डॉक्टर पोराला तपासून गेले आणि दिवाणखान्यात चौकशी बसली. फाटक उघडलं कुणी? जागृतीबेन रडत होती. ‘मी कशाला उघडू? बाईच वरून ओरडली, खोल, खोल. आणि तेही तुंकारानं. मला, या घरच्या मुलीला, खोल म्हणाली.’ तिला पोर बुडालं याच्याइतकाच तो एकेरी हुकूम झोंबला होता. कुठली कामवाली शेठच्या लेकीला एकेरीत हुकूम सोडेल, एवढा साधा विचार तिथं बसलेल्या एवढ्या शहाण्या माणसांना शिवला नाही. राग आलेल्या माणसाला विचार नको असतो, माणूस हवा असतो.

सरलाबाई दारात उभी राहून सांगत होती. ‘उघडा नाही म्हटलं शेठ. पाणी उंडुं छे म्हटलं. आमच्यात खोल म्हणजे उंडुं.’ पण बुडत्या पोराला काढून आलेल्या बाईचं गुजराती त्या वेळी फार काही सरळ नव्हतं. मग तिची नजर कोपऱ्यातल्या सोफ्यावर गेली आणि तिला हायसं वाटलं. आपला माणूस होता की तिथं.

‘साहेबांना विचारा,’ ती म्हणाली. ‘साहेब, तुम्हीच सांगा यांना.’

हसमुखशेठ वसंतरावांकडे वळले. वसंतरावांनी चष्मा काढला, पुसला. जागृतीबेनकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. खोल म्हणजे उंडुं, झालं. पण ते वाक्य बोललं की चूक शेठच्या लेकीची ठरत होती, तीही भरल्या घरात, पाहुण्यांसमोर.

‘त्याचं काय आहे,’ वसंतराव म्हणाले, ‘हे लोक खानदेशचे. यांची भाषा अहिराणी. आमच्या मराठीहून फार वेगळी. यांचा कुठला शब्द कुठल्या अर्थी, ते आम्हालाही नक्की सांगता येत नाही.’

या माणसाच्या घरी सरलाबाईनं चार वर्षं भांडी घासली होती. ‘सरलाबाई, तळ खोल आहे, पातेलं नीट घासा’ हे सुधाताईंनी तिला याच माणसासमोर सांगितलं होतं, आणि ते अहिराणीत सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. पोर वाचवलंस म्हणून पोलिसात देत नाही, हे उपकारही ऐकवले. घरी सुकदेवनं विचारलं, ‘काय व्हयनं?’ तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘शब्द आपला, पन घर त्यास्नं.’

एखाद्या घरातून काढलेल्या बाईची बातमी तिच्या आधी दुसऱ्या घरी पोचते. घोडदोड रोडच्या बंगल्यांत ती ‘ती फाटक उघडायला लावणारी’ झाली. पोर सांभाळायला तिला कुणी ठेवीना. सुधाताईंनी निरोप पाठवला की सध्या आमच्याकडे गरज नाही. सरलाबाई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवू लागली. तिची धनश्री गुजराती शाळेत जायची. तिच्या वर्गातल्या पोरी दार बंद असलं की तिला बघून ‘खोल, खोल’ म्हणून हसायच्या. धनश्रीनं एक दिवस आईला बजावलं, घरात तो शब्द बोलू नको, उंडुं म्हण. सरलाबाईला पोरीचा राग आला नाही. वसंतरावांचा मात्र रोज येत होता, चांगला पोटातून येत होता आणि तिनं तो कधी गिळला नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात खबर आली. मौलिक गेला. हौदातच.

सांगणारी त्याच गल्लीत पोळ्या करणारी पार्वती होती. घरात पाहुणे होते. मुलं सारखी आत-बाहेर करत म्हणून फाटकाला फुलझाडाची कुंडी लावून ते उघडंच ठेवलं होतं. सगळी मोठी माणसं आत आंब्याच्या रसावर बसली होती. पोराला आता वेगळी बाई ठेवली नव्हती, आता मोठा झाला म्हणून. ‘कुनी आवाज दिधा नही?’ सरलाबाईनं विचारलं. पार्वती म्हणाली, ‘कोन दी? कोनी पाह्यंच नही.’

‘बरं झालं तू तठे नव्हती,’ शेजारणी म्हणाल्या. ‘नईतं तुन्हाच गळा धरतात.’ सरलाबाई त्यांच्यावर खेकसली. ती तिथं असती तर पोर जिवंत असतं, हे तिच्याशिवाय कुणाच्या मनात येत नव्हतं.

सुकदेव नको म्हणत असताना ती बेसण्याला गेली. गुजराती रीतच आहे, गेलेल्याच्या घरी ठरल्या दिवशी सगळ्यांनी येऊन थोडा वेळ बसून जायचं. तिला कुणी अडवलं नाही, ओळखलंही नसावं. हसमुखशेठ खुर्चीत बसले होते, एका वर्षात म्हातारे झालेले. फोटोतल्या मौलिकपुढं हात जोडून ती उठली आणि कुणाला न विचारता मागच्या अंगणात गेली.

हौद रिकामा केला होता. फाटकाशेजारी भिंतीवर मोठी पत्र्याची पाटी होती, लाल अक्षरांची. उन्हानं रंग जरा उडाला होता, म्हणजे नवी नव्हती. वर इंग्रजी, मग गुजराती, मग हिंदी. सगळ्यात खाली एक ओळ मराठीत होती, ती सरलाबाई वाचायला लागली. चौथीपर्यंत शिकलेली होती ती. एकेक अक्षर लावत तिनं वाचलं.

पाणी खोल आहे.

मागून कुणी तरी नळावर हात धुवायला आलं. तिनं वळून पाहिलं तर वसंतराव, पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी तिला पाहिलं आणि या खेपेला ओळख दिली, कारण बघायला कुणी नव्हतं.

‘ही ओळ तुम्ही लिहून दिली, साहेब?’

‘हो,’ ते सवयीनं म्हणाले. ‘गेल्या वर्षीच. तुम्ही गेल्यावर आठवड्यानं. शेठ म्हणाले, आपल्याकडे मराठी माणसं कामाला बरीच, त्यांनाही समजलं पाहिजे.’ आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण हात धुऊन झाले तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

‘तुमचं खोल ते खोल,’ सरलाबाई म्हणाली. ‘आमचं तेवढं उघड.’

‘हळू बोला. आत लोक बसलेत.’

‘मी हळूच बोलते आता.’ तिनं पाटीकडे बोट दाखवलं. ‘माझ्या जागी ही ठेवली ना तुम्ही? कुणासाठी, साहेब? त्याला वाचता कुठं येत होतं. ऐकायला येत होतं फक्त.’

वसंतरावांनी नळ बंद केला आणि रुमाल शोधत ते आत निघून गेले. सरलाबाईनं बाहेर येऊन चपलांच्या ढिगातून आपल्या चपला काढल्या आणि भेस्तानची रिक्षा पकडली.