पाच वेळा ‘का’

आमचे हे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. तिथे एखादा पार्ट बिघडला की पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत. पहिल्या उत्तरावर समाधान मानणारा माणूस ह्यांच्या लेखी कामचुकार. ही खोड घरीही यायची. दूध उतू गेलं की ओट्यापाशी हजर. “का गेलं? लक्ष नव्हतं. का नव्हतं?” मी म्हणायचे, “अहो, कंपनी तिकडे चाकणलाच ठेवून येत जा.” खरं सांगते, वैताग यायचा.

आणि पाठ दुखायला लागली तेव्हा हाच माणूस पहिल्या ‘का’वर थांबला. मोशीहून चाकणला रोज बाइकवर, त्यात तो रस्ता! त्यांच्या लाइनवर निम्म्या लोकांच्या कमरेला पट्टा. पाठदुखी हा तिथे आजार नव्हताच, नोकरीचा भाग होता. ह्यांनीही पट्टा आणला. धाप लागायला लागली, चेहरा पांढुरका पडला, तरी पट्टाच घट्ट करत राहिले. शेवटी पार्किंगमध्ये बाइक स्टँडला लावताना बरगडी मोडली. पडणं नाही, धडकणं नाही. तेव्हा कुठे तपासण्या झाल्या.

रक्ताचा कॅन्सर. मी डॉक्टरीणबाईंशी जवळजवळ भांडलेच. दुखतंय हाडांत आणि कॅन्सर रक्ताचा कसा? त्या चिडल्या नाहीत. रक्त हाडांच्या आतल्या मगजातच तयार होतं, म्हणाल्या.

खालच्या मजल्यावरचे दादा, मूळचे मोशीचेच, भेटायला आले. “वहिनी, घाबरू नका. माझा भाचा तळवड्याला कामाला हाय. त्याला बी रक्ताचाच हाय. रोज गोळी घेतो आन् डबा घेऊन कामावर जातो. काय होत न्हाई.” त्या न पाहिलेल्या भाच्याच्या भरवशावर मी दिवस काढले. पुढच्या खेपेला बाईंकडे ती गोळीच मागितली.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. रक्ताचा कॅन्सर एकाच प्रकारचा नसतो, म्हणाल्या. भाच्याचा तो बहुधा ल्युकेमिया, त्यातला सावकाश वाढणारा. त्यातच एक झपाट्याने वाढणारा असतो, त्याचे उपचार वेगळे. लिम्फोमात गाठी येतात. आणि ह्यांचा मायलोमा. जंतूंशी लढायला ठेवलेल्या पेशींपैकीच काही बिघडतात, भलतंच प्रथिन बनवत सुटतात, हाडं पोखरतात. औषधांनी तो दबतो, पण बहुतेकदा परत येतो. मला एवढंच कळलं, की भाचा आमच्या कामाचा नाही.

हे मात्र हसले. “म्हणजे खराब माल अडवायला ठेवलेलाच खराब माल काढतोय. माझ्याच खात्यातला निघाला की!” मग विचारलं, “पण का झालं?”

“नक्की कारण सांगता येत नाही.”

“असं कसं? कारणाशिवाय आमच्याकडे रिपोर्ट बंद होत नाही.”

बाईंनी औषधं लिहायला घेतली.

घरी आल्यावर मी त्या रस्त्याला, कंपनीतल्या तेलाच्या वासाला, कशाकशाला शिव्या घातल्या. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला हवंच होतं. हे ऐकून घ्यायचे. औषधांनी मध्ये बरे दिवस दाखवले. हे पुन्हा ओट्यापाशी येऊन ‘का’ विचारायला लागले, आणि आता मला ते हवंहवंसं वाटायचं. मग तो परत आला.

शेवटी शेवटी एकदा मीच विचारलं, “अहो, का हो आपल्यालाच?” त्यांनी माझा हात धरला. “नाही माहीत गं,” म्हणाले. हे उत्तर त्यांनी आयुष्यात कुणाचं चालवून घेतलं नव्हतं. त्यांच्याच तोंडून ते ऐकलं आणि माझा धीर सुटला. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

परवा दूध उतू गेलं. ओटा पुसता पुसता मीच विचारायला लागले. का गेलं? लक्ष नव्हतं. का नव्हतं? खाली बाइक थांबल्याचा आवाज आला, म्हणून गॅलरीत गेले होते. का गेले? ह्यांची यायची वेळ झाली होती.

चौथा ‘का’ मी विचारला नाही.