खोट काढणाऱ्या ताई

समोरचा माणूस नवे कपडे घालून आला की ताई आधी त्याच्या बाहीवरून तळहात फिरवायच्या आणि मग तोंडाकडे बघायच्या. तोंड ओळखीचं असो वा नसो. फिरता फिरता हात मध्येच थांबला की समजायचं, सापडलं. "हितं बघ," त्या म्हणायच्या, "खोट हाय."

भिवंडीत ज्यांचे दिवस कापडात गेलेत त्यांना यात काही नवल वाटायचं नाही. बाकीच्यांसाठी सांगते. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेलं कोरं कापड बाजारात जाण्याआधी आमच्या शेडमध्ये तपासायला यायचं. काचेची टेबलं, त्यांच्या खाली ट्यूबलाइट. काचेवरून कापडाचा तागा ओढत न्यायचा आणि तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की तिथे चॉकने गोल करायचा. दिवसभर हेच काम. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. काचेच्या खिडकीतून मला सगळ्या बायका दिसायच्या, पण लक्ष जायचं ते ताईंकडेच, कारण त्या कधी बसायच्याच नाहीत. बाकीच्या स्टुलावर, ताई उभ्या. जेवायच्या सुट्टीतसुद्धा डबा हातात घेऊन टेबलांमधून येरझाऱ्या, एक घास इथे तर दुसरा तिथे. त्यांच्याकडे बघून माझंच जेवण अंगी लागायचं नाही.

"ताई, बसा की जरा," मी ओरडायचे.

"बसून काय करू, बाय?" हा त्यांचा ठरलेला जबाब.

शेजारच्या लूमच्या शेडमधून कापड घेऊन एक चाचा यायचे. मशिनी दुरुस्त करणारे, ताईंच्याच वयाचे. ताईंनी एकेका ताग्यावर चॉकचे गोल काढत जावेत आणि चाचांनी कपाळाला हात लावावा, हे रोजचं. एकदा वैतागून ते म्हणाले, "आपा, धागा टूटा है, कोई गुनाह थोडी हुआ है!" ताईंनी वर न बघता आणखी एक गोल काढला.

आता तुम्ही म्हणाल, कामाला चोख होती बाई, यात वाईट काय? वाईट काही नाही. पण शिफ्ट संपली तरी ताईंचे डोळे घरी जायचे नाहीत. नवरा लवकर गेला, एकट्या मुलीला त्यांनी याच कामावर वाढवलं, कॉलेजात घातलं. आणि त्या मुलीला जन्मभर टेबलावर ठेवलं. भाकरी जाड झाली, वेणी सैल बसली, चालताना पाय घासते. मुलगी गुणाची. ऐकून घ्यायची.

तिच्या साखरपुड्याला आम्ही सगळ्या पडघ्याजवळच्या ताईंच्या गावी गेलो होतो. ताई सकाळची ड्युटी करून तशाच आलेल्या. मुलाकडच्यांनी आणलेला शालू ताटात ठेवून समोर आला. चांगला भारी होता, मोरपंखी. मुलीची होणारी सासू कौतुकाने पदर उलगडून दाखवत होती. ताईंचा तळहात पदरावरून फिरला, थांबला, आणि आम्ही कुणी काही बोलायच्या आत कमरेला खोचलेला चॉक बाहेर आला. भर मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, मुलीच्या शालूवर ताईंनी पांढरा गोल काढला.

मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग मुलीचं तोंड दिसलं.

ताईंना आपण काय केलं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या आपल्या पदराने तो गोल पुसत सुटल्या आणि पुसून पुसून तो पसरत गेला. लग्न मोडलं नाही, माणसं समजूतदार निघाली. मुलगी वज्रेश्वरीच्या पुढे सासरी गेली. पण माहेरी यायचं तिने हळूहळू बंदच केलं. एका दिवाळीला आली होती तेव्हा निघताना म्हणाली, "आई, तू बघायला लागलीस ना, की मला काचेवर पसरल्यासारखं होतं. खालून लाइट लावलेली. मला नाही सोसत." एवढं म्हणून गेली. फोन केला तर सासूकडे द्यायची.

ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, फेऱ्या मारत होत्या. "पोर तुटली तं मंग माजं हाय कोन?" एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा टेबलाच्या त्या टोकाला गेल्या.

त्या काळात कुणाच्या तरी मोबाइलवर त्यांनी एका मॅडमचं भाषण ऐकलं. रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढा, हाताने काहीतरी नवं घडवा, शांत बसून स्वतःकडे बघा, माणूस आतून बदलतो. अशी भाषणं आपण सगळेच ऐकतो आणि अंगठ्याने पुढे ढकलतो. ताईंनी ते कामाची ऑर्डर आल्यासारखं मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मग, बघितलं का स्वतःकडे?"

"बघितलं ना. खोटच खोट हाय. ती बाई सांगते तवढा येळ न्हाय लागत."

आधी त्यांनी शाडूची माती आणली आणि गाय केली. मी पाहिली, बरी होती, तोंड जरा म्हशीकडे झुकलेलं. संध्याकाळी विचारलं तर गाय पुन्हा गोळा झालेली. मग कागदी फुलं. ती रद्दीत गेली. मग गल्लीतल्या भजनी मंडळात जाऊन बसल्या, आणि पेटीवाल्या काकूंचा सूर चुकतो हे दुसऱ्याच गुरुवारी त्यांच्या तोंडावर सांगून घरी आल्या. आम्ही हसून हसून बेजार. ताईंना मात्र हसू येत नव्हतं. "मी काय गंमत करते का?" त्या माझ्यावर डाफरल्या. "एक तरी वस्तू माज्या हातून होऊ दे, जी बघून मी गप ऱ्हाईन. एक! येवढं जमलं ना, तं पोरीसमोर बी गप बसता येईल मना."

तेव्हापासून मी त्यांना चिडवायचं कमी केलं. पूर्ण सोडलं नाही, तो माझा स्वभाव नाही.

मग त्यांनी बाद झालेल्या कापडाचा एक तुकडा घेतला. उशीच्या अभ्र्याएवढा. त्यावर चॉकने गावचं घर काढलं: उतरतं छप्पर, अंगण, कडेला शेवग्याचं झाड, आणि दारात मुलगी, शाळेत जाताना उभी राहायची तशी. घरी रंगीत दोऱ्याने ते भरायला घेतलं. सुट्टीत मला दाखवायला आणायच्या. छप्पर झालं. झाड झालं, शेवग्याच्या शेंगा तर इतक्या छान उतरल्या की चाचासुद्धा म्हणाले, "आपा, इसको तो आप भी पास कर दो." ताईंनी एका शेंगेकडे संशयाने पाहिलं, पण सोडून दिलं. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

दारातली मुलगी मात्र होईना. आज भरायच्या, उद्या उसवायच्या. कधी मान वाकडी, कधी एक खांदा वर. सोमवारी दारात मुलगी दिसायची आणि मंगळवारी रिकामं दार. मला राग यायचा. बाकी चित्र कसं भरल्या घरासारखं, आणि ही बाई नेमकं तिलाच रोज हाकलून देते.

"ताई, चांगली झाली होती कालची. का काढली?"

"तोंड वाकडं झाल्तं."

"तोंड आहे कुठे? चार टाके तर आहेत!"

"त्येच वाकडं हुतं."

एक दिवस येऊन त्यांनी ते कापड माझ्या टेबलावर आपटलं. "तुज्याकडं ठेव, बाय. कपाटात घाल नि कुलूप लाव. माज्याकडं ऱ्हायलं तं झाड बी उसवीन, घर बी उसवीन. काल रातीला कात्री घेतली हुती हातात." मी कपाटात ठेवलं. तुम्हाला वाटेल, सुटल्या. छे! तासाभरात खिडकीवर टकटक. "जरा दे, एकच टाका बघते." मी नाही म्हणायचे. त्या तणतणत जायच्या, तागा ओढायच्या, पुन्हा यायच्या. शेवटी मी चावी पर्समध्ये घालायला लागले. लहान मुलापासून खाऊ लपवावा तसं हे चाललं होतं, आणि मोठ्या माणसाशी असं वागायचं मला जिवावर यायचं. पण द्यायचं नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं.

मग दोन्ही शेडच्या शेठने लूम भंगारात काढल्या आणि आमचंही काम बंद झालं. आमच्याकडे हे आता घरोघरचं झालंय. चाचा मालेगावला भावाकडे गेले, मी काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये लागले, तिथे दिवसभर लोकांनी ऑनलाइन मागवून परत पाठवलेले खोके येतात. ताई खोली सोडून गावी गेल्या, एवढं कळलं. नंतर त्यांचा फोनही लागेनासा झाला. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शेड बंद होण्याच्या आठवड्यात, भिवंडीच्या एसटी स्टँडवर.

मुलगी बाजाराला येणार होती. घरी यायला तयार नव्हती, पण परतीच्या गाडीआधी स्टँडवर भेटेन, असा सासूकडून निरोप दिला होता. ताई सकाळपासून माझ्यामागे लागल्या. "तू चल संगती. मी येकटी गेले तं कायतरी बोलीन. आनि ते कापड तू घे, तुज्या पिशवीत ठेव. मी मागितलं तरी देऊ नको." मी अर्धी सुट्टी टाकून गेले. वाटेत त्यांनी दोनदा मागितलं.

मुलगी बाकावर बसली होती, पायाशी पिशव्या. जरा वाळली होती. अंगावर नवी साडी. ताई तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. गुडघा मात्र हलत होता. बरी आहेस ना, बरी आहे, यापुढे दोघींचं गाडं जाईना. मला ते बघवेना. मी पिशवीतून कापड काढून मुलीच्या मांडीवर ठेवलं.

तिने ते उलगडलं. छपरावरून, अंगणातून, शेंगांवरून तिची नजर फिरली आणि दारापाशी थांबली. तिथे दोरा नव्हता, पण सुईच्या भोकांची नुसती चाळण झाली होती. तिने त्यावर बोट टेकवलं.

"इथं काय होतं?"

"तू," ताई म्हणाल्या.

"मग?"

"काढली."

"का?"

ताईंनी मांडीखालचे हात बाहेर ओढले. मग एकदम, भांडल्यासारखं बोलल्या, "जमत न्हवतीस! रोज करायचे नि रोज काढायचे. तुज्यात खोट न्हवती गं कंदीच. माज्या हातालाच सवय लागली, काय करू? तोडून टाकू का हात?" आजूबाजूचे लोक बघायला लागले.

मला वाटलं, मुलगी उठून जाईल. गाडीची वेळही झालीच होती. तिने कापड पुन्हा मांडीवर नीट पसरलं आणि विचारलं, "सुई आहे?"

ताईंच्या पदराच्या काठाला सुई टोचलेली होती, लाल दोऱ्यासकट. त्यांनी ती काढून दिली. मुलीला भरतकामाचा गंधही नाही, हे दिसतच होतं. तिने दारात स्वतःला भरायला घेतलं: लांबच लांब टाके, एक पाय आखूड, हात खराट्यासारखे. ताई वाकून बघत होत्या. त्यांचं तोंड एकदा उघडलं. ते तसंच मिटलं. मुलीने मान वर न करता विचारलं, "केस मोकळे ठेवू की वेणी घालू?"

"तुला आवडंल तसं," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. गुडघा कधी हलायचा थांबला होता, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वज्रेश्वरीची गाडी लागली. कंडक्टरने हाका मारल्या, माणसं चढली, खिडक्या भरल्या. मी पिशव्या उचलू का म्हणून दोघींकडे पाहिलं. मुलगी कापडावर वेणी घालत होती. गाडी सुटली, फाटकाबाहेर गेली, आणि दोघींपैकी कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.