काकीच्या कोपराइतकी उंच

आप्पा काचवाले नाकावर माशी बसू देत नाहीत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. माणूस तसा साधा. बाह्या दुमडलेला शर्ट, कानावर खुणेची पेन्सिल, बोटांवर जुन्या चिरांच्या पांढऱ्या रेघा. पण काचेचा विषय निघाला की यांची मान ताठ होते. आपल्या हातून गिऱ्हाइकाकडे तडकलेली काच आजवर गेली नाही, हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवतातच. ऐकणारा नसला तर बायकोला ऐकवतात. बायको म्हणजे काकी. गल्ली तिला काकी म्हणते, म्हणून आपणही म्हणू. काच आप्पा कापतात, पण उचलतात दोघं मिळून, आणि लग्नाला जेवढी वर्षं झाली तेवढीच वर्षं हे उचलणं चालू आहे.

एवढा सगळा तोरा खराच आहे, त्यात खोट नाही. खोट आहे ती एकच. दुसऱ्याचं कौतुक करायची वेळ आली की आप्पांची जीभ टाळ्याला चिकटते. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, चिमीला, हे सगळ्यांत जास्त माहीत. चिमी आता काही चिमुरडी राहिलेली नाही. गाड्यांच्या चाकांवरच्या पोलादी कमानी, शॉकॲब्सॉर्बर आणि टायर यांचं तिचं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली माणसं आहेत. मुलीनं गाड्यांखाली झोपून काम करावं हे आप्पांना पटलं नव्हतं. त्यांनी विरोध केला नाही, भांडण केलं नाही. फक्त एवढ्या वर्षांत स्वतःची पिकअप साध्या ग्रीसिंगलाही तिच्याकडे नेली नाही. चिमीही कधी बोलली नाही. बापाचीच मुलगी ती.

तर झालं असं, की आप्पा एका सकाळी न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसले होते. तोंडाला निम्मा फेस. शेजारच्या खुर्चीत बेकरीवाला सांगत होता, डोंगरावरच्या दवाखान्याच्या खिडक्यांना म्हणे अजून प्लास्टिकचे कागदच लावलेत. दोनदा काचा मागवल्या, दोन्ही वेळा वर पोचला तो चुरा. पेशंट रात्रभर कुडकुडतात. "त्या रस्त्यानं काच शाबूत जायचीच नाही," बेकरीवाला म्हणाला. "कुणाच्या बापाला जमणार नाही."

"मी नेतो," आप्पा फेसातून म्हणाले. "आणि एक जरी तडकली ना, तर दुकानाची पाटी उतरवून ठेवीन."

घरी येईपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. काकी दारातच उभी. "अहो, दाढी करायला गेला होतात की शपथ घ्यायला?"

शपथ घेतली खरी, पण दुसऱ्या दिवशी आप्पा रिकामी गाडी घेऊन रस्ता बघून आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. वरच्या वळणावर रस्त्यातच एक कातळ उघडा पडलाय. गाडीचं पोट त्याच्यावर टेकलं, सायलेन्सर चेपला, आणि आत बसलेल्या आप्पांचे दात एकमेकांवर आपटले. काच असती तर पाटी तिथंच उतरली असती. गाडी उंच करायला हवी, टायर मोठे हवेत, हे कळायला मेकॅनिक लागत नव्हता. आणि अख्ख्या शहरात ते काम नीट करणारी एकच व्यक्ती होती. आप्पा दोन दिवस घुम्यासारखे बसले, तिसऱ्या दिवशी गाडी चिमीच्या दारात उभी केली.

"गिऱ्हाईक म्हणून आलोय," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"या ना," चिमी म्हणाली. हसू दाबताना तिला त्रास झाला, पण तिनं दाबलं.

आप्पांनी चारी बाजूंनी नजर फिरवली आणि सगळ्यांत मोठ्या टायरवर बोट ठेवलं. त्यांच्या छातीला लागेल असलं धूड. "हे बसव. आणि गाडी जेवढी उंच होईल तेवढी कर." खरं कारण असं, की बेकरीवाल्याच्या गाडीला मोठे टायर आहेत, आणि आप्पांना त्याहून मोठे हवे होते.

"आप्पा, काचा न्यायच्यात की किल्ला जिंकायचाय?"

"गिऱ्हाईक कोण आहे?"

चिमीनं वाद घातला नाही. म्हणाली, आधी तात्पुरते बसवू, बघू. दुपारपर्यंत कमानींखाली जाड ठोकळे आणि चारी चाकांना ती धुडं लागली. गाडी अशी उभी राहिली की आप्पा तिच्याभोवती तीन चकरा मारून आले. अंगावर मूठभर मांस चढलं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घर्रकन घासला, तर म्हणाले, "मडगार्ड कापून टाक."

चिमीनं मग आईला बोलावून घेतलं. कोपऱ्यात एका जुन्या शोकेसची मोठी काच पडून होती. "तुम्ही दोघं ही जरा हौद्यात चढवून दाखवा," ती म्हणाली. "नेहमी चढवता तशीच."

नेहमीची पद्धत अशी. काकी पाठमोरी चालते, मागे वळून बघत नाही. तिचे डोळे म्हणजे आप्पा. बोलायचं कुणी नाही. हौद्याशी आल्यावर काकी खालची कड आत टेकवते, आप्पा काच तिरकी करून हौद्यात बसवलेल्या लाकडी घोडीला रेलवतात. एवढ्या वर्षांच्या सरावानं हे इतकं गुपचूप होतं की बघणाऱ्याला वाटावं, काच आपणच चालत गेली.

त्या दिवशी मात्र काकी हौद्याशी आली आणि थांबली. हौद्याचा तळ तिच्या गळ्याशी आला होता. तिनं कोपर वर उचलले, मग खांदे, मग टाचा. काच डुलली. काकीनं जोर लावला, कड फाळक्यावर आपटली आणि कोपऱ्याचा टवका उडाला.

"हात पोचत नाही हो," काकी म्हणाली.

लग्न झाल्यापासून हे वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं. आप्पा काच धरून तसेच उभे राहिले. त्यांना भयंकर वाईट वाटलं. ज्या हातांच्या भरवशावर त्यांनी न्हाव्याच्या भर दुकानात पाटी पणाला लावली होती, त्या हातांचा विचार टायर निवडताना त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

चिमीनं काच खाली ठेवायला मदत केली, खिशातून टेप काढली आणि गाडीऐवजी आईला मोजलं. जमिनीपासून वाकवलेल्या कोपरापर्यंत. मग गॅरेजच्या खांबावर खडूनं रेघ ओढली. "हौद्याचा तळ या रेघेपर्यंत. वर नाही. आता यात काय काय बसतं ते बघू."

आणि मग तिनं बापाला जवळ बसवून समजावलं. टायर एकच नंबर मोठा घ्यायचा, पण उंच भिंतीचा, म्हणजे बाजूचं रबर जास्त असलेला. भिंत मऊ असली की दगड टायरच्या पोटात जिरतो, वर येत नाही. गाडी उचलायची दोनच इंच, ठोकळ्यांवर नाही, लांब आणि नरम कमानींवर. "तुमच्या कमानी सिमेंटच्या पोत्यांसाठी बनवलेल्या आहेत. हलका माल असला की लाथ मारतात. काचेला लाथ चालत नाही."

"पण पोट टेकेल ना."

"पोट वर जात नसेल तर आत घ्यायचं. सायलेन्सर वर वळवून बाजूला बसवते." ती जरा थांबली. "फोटो काढताना तुम्ही घेता ना, तसं."

काकी खळखळून हसली. आप्पांनी त्या धुडांकडे एकदा शेवटचं बघून घेतलं. "उतरव ती," ते म्हणाले. "तू म्हणतेस तसं कर."

काचा न्यायच्या दिवशी बेकरीवाला फुटपाथवर येऊन उभा होता. गाडीकडे बघून म्हणाला, "हे काय, एवढीशीच उंच केली?"

"हिला विचारून केली," आप्पांनी काकीकडे बोट दाखवलं आणि गाडी सुरू केली.

चिमी बरोबर होती, नव्या कमानी कशा बसतात ते बघायला. डोंगर चढताना गाडी अशी चालली की काकीचा डोळा लागला. पण वरचं वळण आलं, आणि समोर कातळ दिसला. आप्पांनी गाडी थांबवली. काचेचं सगळं त्यांना कळत होतं. गाडीच्या खाली काय आहे, किती वाकतं, कुठं टेकतं, यातलं काही कळत नव्हतं. ते खाली उतरले.

"चिमे, तू घे गाडी."

काकी खडबडून जागी झाली. स्टिअरिंगला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता या माणसानं.

चिमीनं गाडी कातळावर घेतली, अगदी सावकाश. आप्पा मागून ओणवे होऊन चालत होते, गुडघे दुखत होते तरी. टायरची भिंत फुगली, दगड तिनं आत घेतला. कमान संथपणे खाली बसली आणि तितकीच संथ वर आली. पोट आणि कातळ यांच्यामध्ये पलीकडचा उजेड दिसत होता, वळण संपेपर्यंत दिसत होता. काचा जराशा कुजबुजल्या, बस. आप्पांचा ऊर असा भरून आला की त्यांना सरळ उभं राहायला वेळ लागला. आपल्या मुलीचं काम त्यांनी त्या दिवशी खऱ्या अर्थानं पहिल्यांदा बघितलं, आणि तेही ओणवं होऊन, अगदी जवळून.

दवाखान्याच्या मोठ्या सिस्टरनं स्वतः एकेक काच उजेडात धरायला लावून तपासली. एकीलाही तडा नव्हता. तिनं दोनदा तपासली, तरी नव्हता. आप्पा आणि काकीनं पहिली मोठी काच उचलली, वॉर्डातून चालवत खिडकीशी आणली. खाटांवरचे पेशंट उठून बसले. खाली अंगणात चिमी गाडीचे नट तपासत होती.

"काका, ड्रायव्हर छान मिळाली हो तुम्हाला," सिस्टर खिडकीतून बघत म्हणाली.

आप्पा काच धरून जागच्या जागी थांबले. "ड्रायव्हर नाही ती. माझी मुलगी आहे. ही गाडी तिनं बांधलीय. त्या रस्त्यानं काच आणायला मी निघालो होतो, पण आणली तिनं. माझ्याच्यानं झालं नसतं."

"अहो," काकी दुसऱ्या टोकाकडून म्हणाली, "काच हातात आहे. कौतुक मागाहून करा."

"नाही," आप्पा म्हणाले. "आत्ताच करू दे. फार वर्षं राहून गेलंय."

मग काकी काच धरून उभी राहिली, आणि आप्पा बोलत राहिले.