पट्टीची कड

परवा लेकीसाठी वह्या आणि पट्टी घ्यायला गेलेलो, तर दुकानदाराने लाकडी फूटपट्टी पुढे केली. तिच्या पॉलिशचा वास आला आणि माझी बोटं आपोआप मिटली. आमच्या लहानपणी डोंबिवलीजवळच्या गावात गणपतीत गल्लीच्या मधोमध पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढे जागा नसली की लोक पडद्यामागे बसून उलटं चित्र बघायचे. मी सहावीत असताना दाखवलेल्या सिनेमात शाळेतली पोरं सायकलच्या साखळीने एकमेकांना बडवत होती. त्याच आठवड्यात बाकावरच्या मुलाने माझी चित्रकलेची वही फाडली, आणि मी पट्टी उभी धरून तिच्या कडेने त्याच्या बोटांवर असा फटका मारला की रक्त आलं. सरांनी आईला बोलावलं. ती शेतावरून तशीच आली, पायाला चिखल. "सिनेमे बघून बिघडलाय हा," सर म्हणाले, "दुसरं काय!" आई त्यांच्या टेबलावरच्या पट्टीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पोराचं चुकलंच, सर. पण तो सिनेमा मी पण पायला, पडद्यामागं बसून. त्यात साखळी होती. पट्टी नव्हती." सरांनी टेबलावरची पट्टी खणात सरकवली. घरी जाताना आईने माझा हात धरला आणि बोटांवरचे जुने वळ एकेक करून चाचपले. "काका, लाकडी जास्त टिकते," दुकानदार म्हणाला. "माहितीये," म्हटलं, "प्लास्टिकची द्या."